बाबाने स्वतःला आवरलं, तर मूल आवरायला शिकतं का?

कोलशेतकर · रविवार, रात्री १०:४०

आज संध्याकाळी चिरंजीवांना घेऊन उपवनला गेलो होतो. वय चार वर्षं दोन महिने. बायको दोन दिवस माहेरी गेली आहे, त्यामुळे आम्ही दोघेच. तळ्याला एक फेरी मारली, भाजलेलं कणीस खाल्लं, सगळं छान चाललं होतं. मग त्याला आत दिवे लागणारा फुगा दिसला. गेल्याच रविवारी एक घेतला होता, तो घरी पोचायच्या आत फुटला, म्हणून मी नाही म्हणालो. तो रस्त्यावरच बसला, मग आडवा झाला. मी समजावलं. ऐकेना, तेव्हा इतक्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून उभे राहिले. तो थांबला तर नाहीच, उलट श्वास कोंडेपर्यंत रडला. मला बघवेना. शेवटी फुगा घेऊन दिला.

रिक्षात तो खांद्यावर झोपला आणि मी विचार करत बसलो. आईबरोबर असतानाही तो असाच हट्ट करतो, पण ती खाली बसते, हळू आवाजात काहीतरी बोलते आणि दहा मिनिटांत तो डोळे पुसून चालायला लागतो. मला ते जमत नाही. माझे वडील फार कडक होते, त्यांच्यासमोर आम्ही रडायचोच नाही. तसा बाप व्हायचं नाही हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. पण डोकं फिरलं की माझ्या तोंडून आवाज त्यांचाच निघतो.

तर प्रश्न असा: लहान मुलाला स्वतःचा राग, हट्ट, घाई आवरता येणं, यात बापाच्या वागण्याचा वाटा किती? की हे सगळं आईकडून आणि मुळातल्या स्वभावातून येतं? तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबांनी अनुभव लिहा. आयांनीही.

तुरट_आवळा · रविवार, रात्री १०:५८

आईलाही जन्मतः जमत नाही हो. ती हे दिवसातून चार वेळा करते, तुम्ही आठवड्यातून एकदा. सरावाचा फरक आहे.

नेरूळचे_आजोबा · रविवार, रात्री ११:२५

आमच्याकडे वडिलांच्या चपला जिन्यात वाजल्या की घर शांत व्हायचं. मीही तसाच बाप झालो. माझी दोन्ही मुलं उत्तम शिकली, आपापल्या पायावर उभी आहेत. रस्त्यात लोळण घ्यायची त्यांची कधी टाप झाली नाही. हल्लीच्या बापांना मुलांचे मित्र व्हायचं असतं. मित्र त्याला शाळेत मिळतील, बाप एकच आहे. मारा असं मी म्हणत नाही, पण धाक हवा. कोलशेतकर, तुम्ही ओरडलात त्यात मला काही वाटलं नाही. ओरडून वर फुगा दिलात, ते चुकलं.

वडा_उसळ · सोमवार, सकाळी ७:५०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकीचं गाडीत बसायला मिळालं तर लिहितो.

पाटीपुस्तक · सोमवार, दुपारी १:१५

आजोबांच्या शेवटच्या वाक्याशी मीही सहमत, पण धाकाशी नाही. बालविकास हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून जरा लांब लिहिते.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला डायना बॉमरिंड यांनी बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला आणि पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही घरांत हुकूम चालतो: नियम आहेत, पण कारण सांगत नाहीत आणि मायाही फारशी दिसत नाही. काही घरांत सगळंच चालतं: माया भरपूर, नियम नाहीत. आणि काही आईवडील ठाम असूनही मायाळू असतात. ते कारण सांगतात, मुलाचं ऐकून घेतात, आणि तरीही ‘नाही’वर टिकतात. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी तऱ्हा जोडली, जिथे नियमही नाहीत आणि लक्षही नाही. कोलशेतकर, तुम्ही उपवनला पाच मिनिटांत पहिल्या तऱ्हेतून दुसरीत गेलात. मुलाला त्यातून एवढंच कळलं की पुरेसं रडलं की भिंत सरकते.

आता आवरण्याबद्दल. हे काम मुख्यतः कपाळामागचा मेंदूचा भाग करतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. पण तीन ते पाच या वयात ही क्षमता झपाट्याने वाढते, त्यामुळे आपण काय करतो याचा फरक इथे दिसतो. चार वर्षांच्या पोराला ‘गप्प बस’ म्हणताना आपण त्याच्याकडे अजून पुरती न आलेली गोष्ट मागत असतो. तोवर ते मोठ्यांच्या शांतपणावर उसनवारी करून भागवतं. बायको खाली बसून हळू बोलते, तेव्हा ती त्याला तो उसना देते. बापानेही दिला तर मूल तो तितक्याच खुशीने घेतं.

बापांबद्दल वेगळं बोलायचं तर, बराच काळ ‘पालकांचा अभ्यास’ म्हणजे आयांचाच अभ्यास असायचा. बापांकडे स्वतंत्रपणे बघितलं गेलं तेव्हा खेळ हा मुद्दा फार पुढे आला. माँट्रियलचे डॅनियल पाकेत यांनी २००४ मध्ये मांडलं की बापाबरोबरच्या नात्यात मुलाला धीट करणं, बाहेरच्या जगाकडे ढकलणं हा भाग मोठा असतो: उचलणं, फेकणं, कुस्ती, पाठलाग. बाप मुलाला आधी पेटवतो आणि मग थांबवतो. या पेटण्या-थांबण्यात मुलाला सराव मिळतो.

रात्रपाळी · सोमवार, दुपारी ३:०५

पाटीपुस्तक, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसलो. मी तुर्भ्याला कारखान्यात रात्रपाळी करतो. सकाळी घरी येतो तेव्हा लेक शाळेला निघालेली असते. आठवड्यातला आमचा खरा वेळ म्हणजे रविवार सकाळ, आणि रविवारी सकाळी आम्ही गादीवर कुस्ती खेळतो. ती पाच वर्षांची आहे.

सुरुवातीला रंगात आली की चावायची. हसत हसत, पण दात उमटतील इतकं. मी एकच नियम केला: कोणीही ‘बस’ म्हटलं की दोघांनी हात वर करायचे. चावलं तर खेळ दोन मिनिटं बंद, ओरडणं नाही, रुसणं नाही, नुसतं बसून राहायचं. पहिले तीन-चार रविवार ती त्या दोन मिनिटांत रडायची. आता माझा हात तिच्या तोंडाशी आला तरी दात मिटून घेते, अंग थरथरतं पण चावत नाही. परवा तिनेच मला ‘बस’ म्हटलं आणि मी हात वर केले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबाही थांबतो, हे तिला फार मोठं वाटलं असावं.

तुरट_आवळा · सोमवार, दुपारी ३:२०

आणि खालच्या मजल्यावरच्यांनी काय करायचं? आमच्या डोक्यावर दर रविवारी नऊ वाजता असाच आखाडा भरतो. वाशी, सेक्टर १७.

रात्रपाळी · सोमवार, दुपारी ३:२६

आम्ही कोपरखैरण्याला, तळमजल्यावर. सुटलो.

पाटीपुस्तक · सोमवार, दुपारी ४:४०

रात्रपाळी, तुमचा ‘बस’ फार मोलाचा आहे. माँट्रियलच्याच लोकांचा २००९ चा एक अभ्यास आहे, त्यात बाप आणि मुलांची कुस्ती प्रत्यक्ष बघून नोंदी केल्या. ज्या जोड्यांत खेळाची सूत्रं बापाच्या हातात नव्हती, तिथे कुस्ती जितकी जास्त तितकी मुलाची मारामारी जास्त आढळली. सूत्रं बापाच्या हातात होती तिथे तसं दिसलं नाही.

सडेतोड · सोमवार, रात्री ९:१०

सगळे असं धरून चालले आहेत की बाप मुलाला घडवतो. उलटं होत नाही का? मला जुळं आहे, मुलगा आणि मुलगी, साडेपाच वर्षांचे. घर एक, बाप एक. मुलीला ‘थांब’ म्हटलं की थांबते. मुलगा खरकटं ताट उचलतानासुद्धा धावतो. दिवसभरात मी त्याच्यावर दहा वेळा ओरडतो, तिच्यावर एकदा. बाहेरून कोणी मोजमाप केलं तर म्हणेल, बाप ओरडतो म्हणून पोरगा असा झाला. मी म्हणतो, पोरगा असा आहे म्हणून माझा घसा बसलाय. आणि हे लोकांना सांगायला गेलं की सगळे बापाकडेच बोट दाखवतात.

पाटीपुस्तक · सोमवार, रात्री ९:५५

सडेतोड, तुमचा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. बाप कडक आणि मूल अनावर असं एका वेळी सोबत दिसलं म्हणून कोण कोणामुळे हे ठरत नाही. धारा दोन्हीकडून वाहते. म्हणूनच त्याच मुलांकडे अनेक वर्षं परत परत जाऊन बघणारे अभ्यास महत्त्वाचे. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अजूनही पाठपुरावा चालू आहे. लहानपणी ज्यांना स्वतःवर ताबा ठेवता येत होता त्यांची तिशीतली तब्येत आणि पैशाची घडी बरी निघाली, गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाणही कमी. पण तो अभ्यास आवरण्याच्या ताकदीचा आहे, बापांचा नाही.

तरी तुमच्या दृष्टीने एक गोष्ट उरतेच. धारा दोन्हीकडून वाहत असेल तर तिला बांध कोणी घालायचा? साडेपाच वर्षांचा मुलगा घालू शकत नाही.

बालवाडीताई · मंगळवार, सकाळी ११:३०

नौपाड्यात २६ वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे सडेतोड यांच्या मुलासारखी पुष्कळ पाहिली. ती मुलं वाईट नसतात, त्यांचा ब्रेक उशिरा लागतो इतकंच. अशांना मी ‘शिवाजी म्हणतो’ खेळायला घ्यायचे. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर, नुसतं ‘हात खाली’ म्हटलं तर हलायचं नाही. आपण हा खेळ वाढदिवसाला वेळ काढायला खेळतो. पण बघा, त्यात मुलाला ऐकावं लागतं, लक्षात ठेवावं लागतं आणि अंगात आलेली हालचाल गिळावी लागते. माझी भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली की लहान मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजायला संशोधक अगदी असाच खेळ वापरतात: ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा. मला फार आनंद झाला, आमचा खेळ तिकडे मोजपट्टी झालाय!

शिवाय स्टॅच्यू, आंधळी कोशिंबीर, लगोरी. यांत थांबावं लागतं, पाळी येईपर्यंत वाट बघावी लागते. बाबांनो, घरी गेल्यावर पंधरा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आणखी एक. सकाळी बाबा सोडायला आले की मुलाचा दिवस कसा जाणार ते मला दारातच कळायचं. ‘चल चल, उशीर होतोय’ म्हणत हात ओढत आणलेलं मूल अकरा वाजेपर्यंत कोणाला तरी ढकलायचं. पायऱ्यांवर दोन मिनिटं बसून बुटाचा बंद स्वतःच्या हाताने लावू दिलेलं मूल बरंच शांत असायचं.

वडा_उसळ · मंगळवार, सकाळी ११:५२

पंधरा मिनिटं कुठून आणायची तेही सांगा. ८:३३ पकडायची असते. केंद्र सरकारी नोकरीत बाप झाल्यावर १५ दिवस रजा आहे. आईला २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवडे. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदाच नाही. मला लेक झाली तेव्हा साहेबांनी दोन दिवस दिले आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. ते पहिले महिने मला परत मिळणार नाहीत, याचं अजून वाईट वाटतं.

दर्याकाठ · मंगळवार, रात्री १०:१५

मी सीवूड्सला राहते. नवरा व्यापारी जहाजावर असतो, सहा-सहा महिने समुद्रात. धागा वाचून पोटात गोळा आला. बापाकडून शिकायचं असेल तर आमच्या मुलीने काय करायचं?

एक प्रसंग सांगते. मागच्या खेपेला तो रोज म्हणायचा, ‘उद्या फोन करतो’. नेट मिळालं तर फोन यायचा, नाही तर नाही. त्यात त्याचा दोष नाही. पण मुलगी फोनसमोर बसून राहायची. दोन महिन्यांत ती कशासाठीच थांबेनाशी झाली. पोळी तव्यावर असताना हवी, पार्कात झोपाळ्याची रांग नको, लगेच नाही मिळालं की आरडाओरडा. मला वाटलं बाबाची आठवण येते म्हणून चिडचिड करते. असेलही. पण मला राहून राहून वाटतं की ‘थांब’ या शब्दावरचा तिचा विश्वासच उडाला.

पाटीपुस्तक · मंगळवार, रात्री ११:०५

दर्याकाठ, तुम्ही जे घरी पाहिलंत ते प्रयोगात तपासलं गेलंय.

तो प्रसिद्ध मार्शमेलोचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. स्टॅनफर्डच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी केला होता: एक मिठाई आत्ता खा, किंवा मी येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात असं त्यावरून खूप सांगितलं गेलं. २०१८ मध्ये सुमारे ९०० मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा, रॉचेस्टर विद्यापीठातला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, मी तुझ्यासाठी याहून छान खडू आणते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, माफ कर, नाहीयेत. मग मिठाईचा प्रयोग. जिने शब्द पाळला तिच्यासाठी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. जिने मोडला तिच्यासाठी ३ मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी एक. थांबण्यात अर्थ आहे की नाही, याचा हिशेब एवढी लहान मुलंही करतात.

आणि हे फक्त बापालाच लागू नाही. आई, आजी, मामा, शेजारची काकू, जो कोणी रोजचा आहे त्याचा शब्द. तुमच्या मुलीकडे तुम्ही आहात.

बालवाडीताई · बुधवार, सकाळी १०:२०

दर्याकाठ, नवऱ्याला सांगा, ‘उद्या फोन करतो’ म्हणू नकोस. ‘नेट मिळालं की करतो, नाही मिळालं तर आवाज पाठवून ठेवतो’ म्हण. माझ्याकडे एक मुलगी होती, बाबा सैन्यात. ते निघताना एका डब्यात चिठ्ठ्या ठेवून जायचे, रविवारी एकच उघडायची. ती पोर डब्याला हात लावायची आणि परत ठेवायची. सोमवार ते शनिवार.

कोलशेतकर · बुधवार, रात्री ९:३०

खडूंचा प्रयोग वाचल्यापासून अस्वस्थ आहे. मी रोज ऑफिसातून निघताना फोनवर सांगतो, ‘बाबा सातला येतो’. ऐरोलीहून ठाण्याची गाडी, मग स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, मग कापूरबावडीचा सिग्नल. पोचायला सव्वाआठ होतात. मी हे खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नव्हतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, सातला तो बाल्कनीत जाऊन उभा राहतो. आधी अर्धा तास उभा राहायचा, हल्ली पाच मिनिटांत आत येतो आणि काहीतरी फेकतो.

मला हे माहीत नव्हतं.

तुरट_आवळा · बुधवार, रात्री ९:४१

उद्यापासून ‘आठला येतो’ म्हणा. कधी पावणेआठला पोचलात तर दिवाळी.

नेरूळचे_आजोबा · गुरुवार, दुपारी ४:१०

दोन दिवस लिहिलं नाही. पहिल्या प्रतिसादात माझ्या मुलांबद्दल लिहिलं होतं. थोरल्याला हा धागा वाचायला पाठवला. तो पुण्यात असतो, त्याला सहा वर्षांची मुलगी आहे. काल त्याचा फोन आला. म्हणाला, “बाबा, तुम्ही घरी असताना आम्ही गप्प असायचो. तुम्ही कामाला गेल्यावर आम्ही घरात काय धुडगूस घालायचो ते आईने तुम्हाला कधी सांगितलं नाही.” नंतर जरा थांबून म्हणाला, की तो कॉलेजात असताना मित्राशी भांडण होऊन त्याचा हात मोडला होता. आम्हाला त्याने जिन्यावरून पडलो असं सांगितलं होतं. तेवीस वर्षं मला जिनाच माहीत होता.

धाक होता तोवर तो आवरत होता. धाक नसताना काय करायचं ते मी त्याला शिकवलं नाही. नियम हवेत हे माझं मत कायम आहे. पण पाटीपुस्तक यांची तिसरी तऱ्हा मी चार वेळा वाचली.

आज संध्याकाळी वंडर्स पार्कला धाकट्याच्या मुलाबरोबर जाणार आहे. शिवाजी म्हणतो खेळता येतं मला.

सडेतोड · गुरुवार, सायंकाळी ६:००

आजोबा, हे लिहिलंत, तुम्हाला नमस्कार. मीही आज मुलाला ‘धावू नको’ऐवजी ‘ताट कासवासारखं आण’ म्हटलं. तो कासव झाला. बेसिनपर्यंत चार मिनिटं लागली, आमटी सांडली नाही. उद्या काय होईल माहीत नाही.

दर्याकाठ · शनिवार, सकाळी ८:३०

नवऱ्याने काल आवाज पाठवला, मगरीची गोष्ट. अर्धीच सांगितली, उरलेली पुढच्या वेळी. मुलीने तीनदा ऐकली आणि आज सकाळी स्वतःहून म्हणाली, ‘उरलेली येईल’.

कोलशेतकर · तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०:०५

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं.

‘आठला येतो’ सुरू केलं. दोनदा चुकलं, गाडीच उशिरा होती. दोन्ही वेळा फोन करून सांगितलं की आज साडेआठ. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. मग एक दिवस बायको म्हणाली, आज बाल्कनीत खेळणी घेऊन गेला होता. उभं राहण्याऐवजी तिथेच बसून गाड्या लावत होता.

गेल्या रविवारी पुन्हा उपवन. निघतानाच सांगितलं, आज कणीस आहे, फुगा नाही. फुगेवाला दिसला, तो बसला, आडवाही झाला. मी शेजारी फुटपाथवर बसलो. छातीत धडधडत होतं, ओरडावंसं वाटत होतं, लोक बघत होते. मी फक्त म्हणत राहिलो, ‘तुला फुगा हवाय. आज नाही. मी इथेच आहे.’ घड्याळ बघितलं नाही, पण तळ्यावरचे दिवे लागले तेवढा वेळ गेला. मग तो माझ्या मांडीवर येऊन बसला. हुंदके येतच होते. फुगा घेतला नाही.

बालवाडीताई · गुरुवार, रात्री १०:३०

शाबास, दोघांनाही. आता मला सांगा, त्याला फुगा कधीच नाही का?

कोलशेतकर · गुरुवार, रात्री १०:४२

आहे ना, ताई. येत्या रविवारी घ्यायचा असं आमचं ठरलंय. कॅलेंडरवर त्याने स्वतः निळ्या खडूने गोल काढलाय आणि रोज झोपताना एक दिवस खोडतो. आज गुरुवार खोडला.